इटलीचं झाकण

“कात्री कुठं हाय बघ रं,” पोपट म्हणाला, आणि मी हलायच्या आत स्वतःच उठला. कात्री मला सापडणार नव्हतीच. त्यालाही सापडली नाही. डोळे मिटून ती काढून देणारी त्याची बायको फाल्गुनातच गेली होती. शेवटी त्यानं पक्कड घेतली आणि खोक्याच्या पट्ट्या तोडल्या.

खोकं इटलीहून आलं होतं. पोपटची मुलगी हर्षदा पुण्याला एका कंपनीत आहे, तिनं सहा महिने मागं लागून मागवलेलं. आतल्या कागदाच्या गुंडाळ्या बाजूला सारून पोपटनं इंजिनाचं झाकण बाहेर काढलं. नवंकोरं, गुळगुळीत. त्यानं ते उलटंसुलटं केलं, बोल्टांच्या भोकांवरून बोट फिरवलं, नखानं टिचकी मारून पाहिली.

“बराबर हाय,” म्हणाला आणि झाकण परत खोक्यात घालून खोकं फळीवर ठेवून दिलं.

“आरं, बसव की मग!”

“बसवतो.”

पण बसवायला म्हणून त्यानं खालच्या कपाटातून हिरव्या लुगड्यात बांधलेलं दुसरंच एक गाठोडं काढलं. त्यात काय आहे ते न सोडता मला कळलं.

मी पाशा. शिरूरच्या एसटी स्टँडजवळ माझं सीट कव्हरचं दुकान आहे. पोपटराव माझा आयटीआयपासूनचा दोस्त. तो टर्नर झाला, रांजणगावच्या कारखान्यात लेथवर उभा राहून रिटायर झाला आणि निमोण्याला घरी आला. नावाच्या अगदी उलटा माणूस. दिवसाला दहा वाक्यं बोलला तर गावात सांगण्यासारखी बातमी व्हायची. त्याच्या वाटचंही मीच बोलत आलो. माझ्या जिभेला हाड नाही असं माझी अमीरबी रोज एकदा तरी म्हणते. इतकी वर्षं मला ते कौतुकच वाटत होतं.

आता इटलीबद्दल. इटली म्हणजे पोपटच्या शेडमधली लाल मोटरसायकल. शर्यतीत पळायला बनवलेली, मोजक्याच निघालेली, आपल्याकडं तर बघायलाही न मिळणारी. तिचं खरं नाव टाकीवर आहे, पण ते उच्चारताना माझी कवळी हलते. सगळं गाव तिला इटलीच म्हणतं.

ती आली वहिनींच्या माहेराहून. वहिनी खुटबावच्या. त्या नऊ-दहा वर्षांच्या असताना एक गोरा या गाडीवरून देश फिरत आला आणि त्यांच्या वडलांच्या गुऱ्हाळाजवळ गाडी बंद पडली. त्यातच त्याला ताप भरला. आठ दिवस तो गुऱ्हाळात झोपला, गूळ-भाकरी खाल्ली आणि खुणेनं ‘परत येतो’ सांगून दौंडहून रेल्वेनं गेला. तो काही परत आला नाही. वडलांनी मात्र गाडी चिपाडाखाली झाकून ठेवली. ठेव आहे, म्हणाले. मरेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. परक्याची गाडी अशी जपणाऱ्या त्या भल्या माणसाला पाचवी मुलगी झाली, म्हणजे आमच्या वहिनी, तेव्हा त्यानं तिचं नाव ठेवलं नकुशी. देवमाणसांचंही असं असतं. मी फार विचार करत नाही.

गुऱ्हाळ बंद पडलं, वहिनींचे भाऊ तिथली शेड पाडायला निघाले, तेव्हा गंजलेला सांगाडा भंगारात निघाला होता. वहिनींनी फोनवर भावाला सांगितलं, “मला साडी नगं, काय नगं. ती गाडी दे.” मग टेम्पोतून आंदण आलं. लग्नानंतर छत्तीस वर्षांनी.

“त्या गोऱ्यानं मला टाकीवर बसिवलं व्हतं, पाशाभाऊ,” वहिनी मला सांगायच्या. “चौघी बहिणी हुब्या व्हत्या. त्यानं मलाच उचाललं.”

पाच वर्षं दोघं त्या गाडीला लागले होते. पोपट एकेक भाग सोडवायचा, न मिळणारा भाग ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन लेथवर करून आणायचा. संध्याकाळी स्वयंपाक झाला की वहिनी शेडमध्ये येऊन बॅटरी धरायच्या. पोपटनं न सांगता उजेड बरोबर त्याच्या बोटाच्या पुढं असायचा. काढलेल्या प्रत्येक बोल्टला त्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधायच्या. हिरवी इंजिनाची, पिवळी चाकाची, आणि कितवा बोल्ट तितक्या गाठी. पुण्याचा एक गाड्यांचा शौकीन माणूस ते बघून गेला, तो म्हणाला, आमच्याकडं कॉम्प्युटरवर एवढी शिस्त नाही. मी सीट शिवून दिली. पैसे घेतले नाहीत, पण वहिनींच्या हातची शेंगोळी किती वेळा खाल्ली त्याचा हिशेब अमीरबीकडं आहे.

आणि मग तीन वर्षांपूर्वीची ती अष्टमी.

मी सीट बसवून बघायला आलो होतो. पोपट वायसर आणायला शिरूरला गेला होता. वहिनी अंगणात खंडेनवमीच्या पूजेची भांडी काढून बसल्या होत्या. समई, ताम्हण, घंटी. जुनी चिंच कोळून त्यात मीठ घातलेलं. शेडच्या दारात इंजिनाचं ते झाकण होतं, मळकट तपकिरी. आणि मी, जिभेला हाड नसलेला माणूस, म्हणालो, “वहिनी, समईला चिंच लावताय आन् तुमच्या माहेरच्या लेकीला सावत्रपणा व्हय? उद्या पूजेला काळं तोंड घिऊन बसंल ती.”

वहिनी हसल्या. मी चहा पिऊन घरी आलो आणि विसरून गेलो.

ते झाकण मॅग्नेशियमचं होतं. हलकं पडावं म्हणून शर्यतीच्या गाडीला ते वापरतात. तो मळकट तपकिरी रंग म्हणजे मळ नव्हता, कारखान्यात दिलेला लेप होता. पितळ चिंचेनं उजळतं. या धातूला आंबट आणि खारट लागलं की तो विरघळतो. मला ठाऊक नव्हतं. वहिनींना कुठून असणार?

नवमीला सकाळी मी गेलो तेव्हा पोपट चिंचेच्या पाण्याच्या पातेल्यापाशी बसला होता. पाण्यावर राखाडी फेस आला होता. समईबरोबर रात्रभर त्यात बुडालेलं झाकण त्याच्या हातात होतं. देवी आलेल्या माणसाच्या तोंडासारखं खड्ड्याखड्ड्यांचं, एका कडेला पापडाएवढं पातळ. तसं दुसरं तेव्हा जगात कुठं मिळत नव्हतं. वहिनी ओले हात तसेच धरून उभ्या होत्या.

पोपट ओरडला नाही. ओरडला असता तर निभावलं असतं. तो हळू म्हणाला, “बापानं नाव ठेवलं ते उगंच न्हाई.”

खरं काय झालं ते त्या वेळी माझ्या तोंडाशी आलं होतं. जन्मात पहिल्यांदा मी गप्प बसलो, आणि तेही नेमकं त्याच दिवशी. वहिनींनी माझ्याकडं एकदा पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती, हेच वाईट. पदराला हात पुसत म्हणाल्या, “बसा पाशाभाऊ. च्या टाकते.”

मग त्यांनी पातेल्यातून समई काढली, धुतली, पाटावर ठेवून लावली. सोन्यासारखी चमकत होती.

त्या दिवसापासून वहिनींनी शेडचा उंबरा ओलांडला नाही. भांडण नाही, अबोला नाही. जेवायला वाढायच्या, बाजाराला जायच्या, हर्षदाचा फोन आला की दोघं मिळून बोलायचे. फक्त संध्याकाळी चहा घेऊन यायच्या, पेला उंबऱ्यावर ठेवायच्या, वर ताटली झाकायच्या आणि ताटलीवर बोटानं एकदा वाजवून माघारी जायच्या. पोपट बॅटरी दातात धरून काम करायचा. त्याला एक हाक मारायची होती. “आत ये” म्हणायचं होतं. अडीच वर्षांत त्याच्यानं ते झालं नाही. त्याला वाटायचं, येईल आपण होऊन. वहिनींना वाटत असेल, बोलावतील. आणि मी दर रविवारी मधे बसून दोघांना हसवत होतो.

फाल्गुनात एका सकाळी भाकरीचं पीठ मळता मळता वहिनी कोसळल्या. शिरूरला पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. त्यांच्या बोटांना पीठ तसंच होतं. अमीरबीनं ते पाण्यानं पुसलं.

आज पुन्हा खंडेनवमी. पाटावर पाने-पक्कड, हातोडी, विळा, कुऱ्हाड मांडलेली. समई या वर्षी काळीच होती. पोपटनं गाठोडं सोडलं. तेच झाकण. खड्डे त्यानं एकेक करून बुजवले होते, पाण्याच्या टाकीची गळती बुजवायला जो मसाला मळून लावतात त्यानं. या गाडीला हलक्यातला हलका वायसरही परका चालत नाही म्हणणारा माणूस!

“ह्ये बसवणार?”

“व्हय.”

“गळंल की रं.”

“गळू दे.”

तो इंजिनापाशी बसला आणि हिरव्या चिंध्यांचे बोल्ट पुढं ओढले. एका गाठीचा उचलला, गाठ सोडली, चिंधी शर्टाच्या खिशात घातली, बोल्ट बसवला. मग दोन गाठींचा. गाठ सुटेना तेव्हा दातांनी सोडवली, पण कापली नाही. चौथ्या बोल्टापर्यंत मी बघत राहिलो. पुढं मला बघवेना.

“पोपट, एक सांगायचंय.”

“बोल की. तू कवापास्नं इचारून बोलाय लागलास?”

“ती चिंच... वहिनींनी आपल्या मनानं न्हाई लावली. मी म्हनलो व्हतो. आदल्या दिशी. गंमत म्हणून.”

त्याचा हात थांबला.

“काय म्हनला व्हतास?”

मी शब्दन् शब्द सांगितला. सावत्रपणा, काळं तोंड, सगळं. तो जुन्या कापडाला बोटं पुसत राहिला, एकेक करून, पुसून झालेलीसुद्धा पुन्हा. त्यानं मला पान्यानं हाणलं असतं तर मी डोकं पुढं केलं असतं.

“आन् ती बोलली न्हाई,” तो म्हणाला.

“न्हाई बोलल्या.”

“मी इचारलंच न्हाई तिला. का केलंस, येवढं सुदिक इचारलं न्हाई.”

“इचारलं असतंस तरी माझं नाव घेतलं नसतं त्यांनी.”

“नसतं घेतलं.” त्यानं पाचवा बोल्ट हातात घेतला. “पर इचारलं असतं तर आत तरी आली असती.”

मी रडलो. साठी उलटलेला माणूस रडताना बरा दिसत नाही, पण बघायला पोपटशिवाय कुणी नव्हतं, आणि तो बोल्टाकडं बघत होता.

“बॅटरी घे,” तो म्हणाला. “धर हिकडं.”

मी धरली.

“बोल्टावर न्हाई. माझ्या बोटाच्या म्होरं. ती धरायची तशी.”

मला ते काही साधलं नाही. उजेड एक तर मागं राहायचा नाहीतर फार पुढं जायचा. पण त्यानं पुन्हा टोकलं नाही. सात बोल्ट बसले, सात चिंध्या खिशात गेल्या. त्यानं पेट्रोलचा कॉक उघडला, हळद-कुंकवाची बोटं झाकणावर ओढली आणि किकवर पाय ठेवला.

पहिल्या दोन किकला नुसता खोकला. तिसऱ्याला काहीच नाही. चौथ्या किकला इटलीनं असा आवाज काढला की शेडचा पत्रा थरथरला. मागच्या वावरात उद्यासाठी शेवंती तोडणाऱ्या बाया कंबर सरळ करून उभ्या राहिल्या. चाळीसहून अधिक वर्षं चिपाडाखाली आणि आठ वर्षं या शेडमध्ये मुकी पडलेली गाडी बोलत होती. पोपटचा चेहरा वीस वर्षांच्या पोराचा झाला. तो हसला, वळला आणि त्या दणक्याच्या वर आवाज चढवून घराकडं ओरडला,

“अगं ये! आत ये की! चालू झाली बघ तुझी इटली!”

आणि मग त्याला कळलं.

तो उंबऱ्याकडं बघत तसाच उभा राहिला. झाकणाच्या पातळ कडेतून तेल पाझरून कुंकवावरून खाली ओघळत होतं. थोड्या वेळानं तो उंबऱ्यापाशी गेला. सकाळी त्यानं स्वतःच चहा करून तिथं पेला ठेवला होता, सवयीनं. तो त्यानं आणला आणि गळतीखाली ठेवला. इंजिन बंद केलं की घरात किती शांत होईल ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्यानं ते बंद केलं नाही, आणि मीही दिवसाउजेडी ती बॅटरी तशीच धरून उभा राहिलो.