वीराचे गुणदोष

हेलनने वहीच्या मधोमध पट्टीने रेघ ओढली आणि डावीकडे गुण, उजवीकडे दोष असं इंग्रजीत लिहिलं. शाळेत ग्रीकांच्या एका महाकाव्यातला वीर शिकवला होता, निबंध उद्या शनिवारी द्यायचा होता. समोर तिचा बाप पीटर, यार्डातून आलेलं पत्र पुन्हा वाचत बसला होता. आखातातल्या सनाबिसच्या त्या दोन खोल्यांत सुट्टीच्या शुक्रवारची दुपार सरता सरत नव्हती.

"ब्रेव्ह. स्ट्राँग. नेव्हर टेल्स अ लाय," लिहिता लिहिता ती म्हणाली. मराठी तिला सगळं कळे, उत्तर मात्र इंग्रजीतच येई.

"आणि दोष?"

"प्राइड. किंग इन्सल्ट्स हिम, सो ही जस्ट सिट्स इन हिज टेंट. देन हिज फ्रेंड गोज टू फाइट, वेअरिंग हिज आर्मर."

"चिलखत मित्राने मागितलं, की यानेच दिलं?"

"ही गेव्ह इट, डॅड."

पीटरने पत्राची घडी घातली.

जहाजदुरुस्तीच्या त्या यार्डात मोठी क्रेन चालवावी ती पीटरनेच. हे सगळे म्हणत, आणि कोणी म्हणायला विसरलं तर पीटर स्वतः म्हणे. महिन्यापूर्वी नव्या गोऱ्या साहेबाने चाळीस माणसांदेखत त्याला झापलं आणि लहान क्रेनवर जायला सांगितलं. पीटर तडक घरी आला. अकरा दिवस तो ताठा धरून घरात बसला आणि यार्डातली माणसं हातांनी ओझी ओढत राहिली. बाराव्या दिवशी संध्याकाळी शिवदास आला. हा मालवणकडचा, नऊ वर्षं पीटरच्या क्रेनला माल अडकवून देणारा.

"चला ना, पीटरभाऊ. लोकांचे हाल बघवत नाहीत," तो म्हणाला.

"एवढा कळवळा आहे तर तूच चालव," म्हणत पीटरने चावी त्याच्या अंगावर टाकली. वर आपलं नाव लिहिलेलं पिवळं हेल्मेटही दिलं. शिवदासकडे लायसन्स नव्हतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा हेलन दारातच उभी होती.

दुसऱ्या दिवशी शिवदाससकट क्रेन कलंडली. खालच्यांना हेल्मेटवरचं नाव दिसलं आणि पीटर पडला म्हणून ओरडा झाला.

आज पीटरची बायको सिसिलिया सलमानिया इस्पितळातली ड्यूटी संपवून आली ती नर्सचा पांढरा युनिफॉर्म न बदलताच खुर्चीवर बसली.

"यार्डाचा माणूस शिवदासच्या वॉर्डात आला होता. त्याने सही करून दिली. तुझ्या लॉकरमधून चावी न विचारता घेतली म्हणून."

"लॉकरमधून?"

"पीटरभावांना सांगू नका म्हणाला. पुढच्या आठवड्यात त्याला गावी धाडतायत. खलास. पाय गेलाच, वर चोर म्हणून जाणार."

पत्रात उद्यापासून मोठी क्रेन पुन्हा पीटरकडे, असं लिहिलं होतं. साहेबाने खेदही व्यक्त केला होता. पीटर उठला आणि बूट पायात घालू लागला.

"कुठे?"

"साहेबाच्या घरी. चावी मी दिली, माझ्या हाताने."

सिसिलिया दारात जाऊन उभी राहिली. तिने कडीवर हात ठेवला.

"नोकरी जाईल. व्हिसा जाईल. हेलनची शाळा जाईल. त्याचा पाय परत येणार आहे का?"

तिचा हात बाजूला सारायला पीटरला एक बोट पुरलं असतं. भर उन्हात लोखंडाशी झुंजलेला माणूस तो. पण तो उभाच राहिला, आणि आपण तिच्या आणखी एकदा 'नको' म्हणण्याची वाट बघतोय हे त्याचं त्यालाच उमगलं.

"नको जाऊस," सिसिलिया म्हणाली.

त्याला हायसं वाटलं. हायसं वाटलं म्हणून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तू म्हणतेस म्हणून थांबतो," तो म्हणाला.

हेलन वहीतून मान वर करून त्याच्याकडे बघत होती. तिच्याकडे पाठ करून पीटर खाली बसला आणि बुटाची नाडी सोडू लागला. गाठ लवकर सुटेना.

सिसिलियाने कडीवरचा हात काढला.

"उद्या सकाळची शिफ्ट ना?" तिने विचारलं. "डब्याला काय देऊ?"