शेवटच्या बाकापर्यंत पोचलेली वायर

मी एक जुना माईक आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगतो, मला राग आलेला आहे. गोडगोड कहाणी ऐकायची असेल तर चर्चच्या मनोऱ्यातल्या घंटेकडे जा. तिचं सगळ्यांशी पटतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एका मुलीने भिंगातून बघत माझ्या पोटातल्या केसाएवढ्या तारा जोडल्या आणि डोक्यावर जाळीची टोपी बसवली. तिथून मी थेट या चर्चमध्ये आलो. लोकांना वाटतं, माईक बोलतो. साफ खोटं. बोलतो तो भिंतीवरचा स्पीकर, मला नुसते कान आहेत. पाळकसाहेबांची प्रवचनं मी ऐकली, लग्नातल्या शपथा ऐकल्या, बाप्तिस्म्याच्या वेळी टाहो फोडणारी बाळं ऐकली. "आवाज कसा खणखणीत येतो!" असं माझं कौतुक व्हायचं. ते दिवस बरे होते.

मग आमच्या सेक्रेटरीकाकांच्या डोक्यात स्वागताचं खूळ शिरलं. काका मनाने वाईट नाहीत, पण उत्साह असा की आजाऱ्याला भेटायला गेले तरी भाषण ठोकून येतील. दर रविवारी पहिलं गीत संपलं की ते मला स्टँडवरून उचलायचे आणि नव्या माणसाच्या नाकासमोर धरायचे. "उभे राहा! नाव सांगा! कुठून आलात? कोणाचे तुम्ही?" मग टाळ्या. नवा माणूस घामाघूम. पुढच्या रविवारी तो दिसला नाही की काका मान हलवायचे, "हल्ली लोकांना देवाची ओढच राहिली नाही." ओढ कसली, काका? तुम्हीच पळवून लावलंत त्यांना!

एकच दिलासा होता. माझी वायर आखूड होती, शेवटच्या बाकापर्यंत पोचत नसे. त्या बाकावर शिवणकाम करणाऱ्या एक आजी बसत. एका रविवारी त्यांच्या शेजारी एक माणूस येऊन बसला. बाजारात किल्ल्या बनवायचा तो, बोटं काळी, सदरा स्वच्छ. आजी जराशा सरकल्या, गीतांचं पुस्तक दोघांच्या मधे धरलं आणि ओळीवर बोट ठेवलं. बस्स. एक प्रश्न नाही.

तो गायला लागला आणि मी कान टवकारले. भरदार, मोकळा आवाज, सुरात चोख. उपासना संपल्यावर आजी म्हणाल्या, "छान गाता हो."

"गा... गा... गाताना अ... अडत नाही," तो म्हणाला.

तेव्हा कुठे मला कळलं, हा बोलताना अडखळतो. आजी त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत गप्प उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मग इथे येऊन गात जा." तो हसला. आठवडाभर गिऱ्हाइकांशी खुणांनी बोलणारा माणूस, त्याला या एका तासात जीभ मोकळी मिळत होती. तो येत राहिला.

आणि काकांनी जोडवायर आणली.

"आज शेवटचा बाकही सुटणार नाही!" असं म्हणत ते मला घेऊन थेट मागे आले. "उठा, उठा! नाव सांगा!"

तो उठला. "मा... मा... माझं ना... ना..."

त्याचा अडकलेला श्वाससुद्धा मोठा होऊन चारी भिंतींवर आदळत होता. पुढच्या बाकावरची पोरं खुदखुदली.

"अहो, लाजताय काय? सगळी आपलीच माणसं!" काका म्हणाले. "लाजतात हं आपले पाहुणे! टाळ्या!"

"माणसाला बसू तरी द्या!" आजी कडाडल्या. पण टाळ्यांत त्यांचा आवाज कोण ऐकतो? मला तोंड असतं ना, तर त्या दिवशी सगळ्यांच्या कानठळ्या बसवल्या असत्या. पुढचं गीत सुरू व्हायच्या आत तो निघून गेला. पुन्हा आला नाही.

पुढे काकांनी बिनवायरचा माईक आणला. त्याच्यापासून तर पळायचीही सोय नाही. मला दाराजवळच्या उघड्या कपाटात टाकलं. मी धूळ खातो, त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते पुढच्या गोष्टीचं.

एका सकाळी चर्चच्या दाराचं कुलूप अडकलं. कोणीतरी किल्लीवाल्याला बोलावून आणलं. तोच! काका खुर्ची आणायला मागच्या दाराने आत गेले, आणि कुलूप खोलता खोलता तो हलक्या आवाजात गाऊ लागला. आजींनी बोट ठेवून दाखवलेलं तेच गीत, एकही शब्द न अडखळता. काकांची पावलं वाजली तसा गप्प झाला.

काम झालं. काका खूश झाले. "वा! हात चांगला आहे तुमचा. एखाद्या रविवारी या की उपासनेला. आम्ही नव्या माणसांचं फार प्रेमाने स्वागत करतो."

त्याने काकांकडे बघितलं. "आ... आलो होतो."

"हो का? लक्षात नाही बुवा." कसं असणार? त्या दिवशी काका त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हते, सभेकडे बघत होते. "मग परत का नाही आलात?"

त्याने पिशवी खाली ठेवली. त्याला खरंच सांगायचं होतं. मी जीव कानांत आणून ऐकत होतो. "म... म... मला..."

"वेळ मिळत नसेल!" काका म्हणाले, आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

त्याने तोंड मिटलं, पिशवी उचलली आणि पायऱ्या उतरून गेला.

मित्रांनो, तुमच्या दारात कोणी नवा आला तर त्याला मिरवू नका. सरकून जागा द्या, पुस्तक मधे धरा. तो बोलेल तेव्हा बोलेल, आणि बोलायला लागला तर त्याचं वाक्य त्यालाच पुरं करू द्या. तेवढंही जमत नसेल तर दारावरची 'सर्वांचे स्वागत' ही पाटी उतरवून ठेवा.

दार आता छान उघडतं. आजी शेवटच्या बाकावरच बसतात. शेजारी कोणी नसतं, तरी पुस्तक थोडं त्या बाजूला धरतात आणि ओळीवर बोट ठेवतात.