आधी आई बघून येईल

समुद्राजवळच्या त्या जंगलातल्या गावात तिघं तीन दिवसांसाठी आली होती. लेक पाच वर्षांची, म्हणून प्रत्येक जागा आधी आपण पाहून यायची, असं आईने ठरवलं. पहिल्या दिवशी जंगलातली वाट पाहिली. मुळांत पाय अडकेल, रद्द. दुसऱ्या दिवशी दीपगृह. कठडा बुटका, रद्द. तिसऱ्या सकाळी ती किनाऱ्यावरून खोलीत परतली, तेव्हा लेकीने विचारलं, "आई, समुद्र कसा असतो गं?"

"आईची सहल झकास झाली हो," बाबा म्हणाला. "आपण खोली राखली."

आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतीच्या गाडीला अजून दोन तास होते. "घाल चपला!" ती म्हणाली.

लेक घोटाभर पाण्यात मनसोक्त नाचली. आईलाही नाचावंच लागलं, कारण लेकीच्या फ्रॉकचं टोक तिने मुठीतून सोडलंच नव्हतं.