बिरेतचा लेउकु

ओउलाचा उजवा हात गेला तो शरदातल्या रेनडिअरांच्या गणतीच्या दिवशी. तुटला नाही, कुठे जखम झाली नाही. कुंपणात उभ्या उभ्या फास फेकायला त्याने हात वर नेला, तो हात मेल्यासारखा खाली आला आणि त्याच्यापाठोपाठ ओउलाही. दवाखान्यातून परतला तेव्हा बोलणं शाबूत होतं, पाय ओढत का होईना चालत होता, पण उजवा हात म्हणजे नुसतं अंगाला लटकवलेलं ओझं. रेनडिअरांचा कळप काही कुणाच्या आजारपणासाठी थांबत नाही. ओउलाचा धाकटा भाऊ पिएरा मदतीला होता, पण त्याच्या मागे त्याचाही कळप होता. तेव्हा त्या हिवाळ्यात तळ्यापलीकडच्या जंगलात राहायचं ते ओउलाच्या बायकोने, बिरेतने, हे कुणी न बोलताच ठरलं.

जंगलात जायचं तर कमरेला लेउकु हवा. छोटी सुरी बिरेतकडे होती, तिच्या आईची. मासे साफ करायला आणि पाडसांच्या कानावर खूण कापायला ती पुरे. पण रुंद पात्याचा, फांद्या तोडणारा, हाडं फोडणारा, ओल्या लाकडातून कोरडा गाभा काढून आग पेटवून देणारा मोठा सुरा, म्हणजे लेउकु, तिने स्वतःचा म्हणून कधी बाळगला नव्हता. जंगलात ओउला सोबत असायचा, त्यामुळे वेळच आली नव्हती.

तिने आधी ओउलाचाच लेउकु घेऊन पाहिला. इतकी वर्षं त्याच्या पंजात राहून मूठ अशी झिजली होती की तिच्या हातात ती गर्रकन फिरायची. तिसऱ्याच घावाला पातं सटकलं आणि तिच्या बुटाला चाटून गेलं.

ओउला दारातून बघत होता. "नाही ऐकायचा तो तुझं. ताउनोकडे जा, स्वतःचा घे."

"मालकासारखाच आडमुठा आहे," बिरेत म्हणाली.

ताउनो म्हातारा लोहार. तळ्याकाठी त्याची भट्टी. बिरेत आत शिरली तेव्हा तो नाकाच्या शेंड्यावर चष्मा ठेवून म्यानाचं चामडं शिवत होता.

"ये पोरी. ओउला काय म्हणतोय?"

"खातो, झोपतो, माझ्यावर खेकसतो."

"म्हणजे सुधारतोय." त्याने फळीवर एकेक सुरा मांडला. पहिलाच असा चकचकीत होता की त्यात बिरेतला आपलं नाक दिसलं. मुठीला वरखाली पितळ.

"हा कुणासाठी?"

"शहरातल्यांसाठी. भिंतीवर शोभतो."

"आणि हा? पाठीला करवतीचे दात?"

"तोही त्यांचाच. जंगलात मरायच्या भीतीने येतात ना काहीजण, त्यांना दात दिसले की धीर येतो. ठेव तो. आणि आधी हातमोजे घाल बघू. उघड्या हातात सगळेच सुरे गोड लागतात."

बिरेतने हातमोजे घातले. पितळ बाद झालं. कधी हातमोजा काढावा लागला आणि कडाक्याच्या थंडीत उघडा हात धातूला लागला, की कातडी तिथेच राहते. पुढचा सुरा भूर्जाच्या लाकडाच्या मुठीचा, पण मूठ शेवटाकडे निमुळती होत गेलेली. जोरात हाणला की हातातून निसटून जाणार. त्याच्या पुढचा चांगला वजनदार. एका घावात तिने मनगटाएवढी फांदी पाडली आणि खुशीत वर पाहिलं.

"आता अशा शंभर पाड," ताउनो म्हणाला. "तुझं मनगट गळून पडेल तिथेच. एका घावाची मजा नको बघूस. दिवस काढायचाय तुला."

शेवटी तिच्या हातात जो राहिला तो दिसायला अगदी साधा. मुठीचं टोक फुगीर, त्यामुळे हातमोज्यातही बोटं अडत होती. पात्याचा दांडा मुठीच्या आरपार जाऊन मागे ठोकलेला. पाठ जाड, म्हणजे लाकडावर पातं ठेवून वरून ओंडक्याने ठोकावं तर बिनधास्त ठोकावं. तिने भूर्जाचं खोड चिरलं, मग त्याच पात्याने कुरळ्या, पातळ ढलप्या काढल्या. भट्टीतल्या निखाऱ्यावर टाकताच त्या भपकन पेटल्या.

"याला पाणी जरा मऊच दिलंय," ताउनो म्हणाला. "कडक पाण्याचं पातं थंडीत काचेसारखं तडकतं. हा बोथट होईल, पण दगडावर चार वेळा फिरवलास की पुन्हा तयार. आणि म्यान खोल आहे, अर्धी मूठ गिळतं. पालथी पडलीस तरी सुरा पडायचा नाही."

"हाच," बिरेत म्हणाली.

घरी जाताना कमरेवरचं ते वजन तिला आवडत होतं. गणतीच्या दिवसापासून पहिल्यांदाच तिला वाटलं, की निभेल आपल्याच्याने.

आणि निभलंही, जानेवारीपर्यंत. तळ्यापलीकडच्या खोपटात ती एकटी राहायची. त्या दिवसांत सूर्य उगवायचाच नाही, दुपारच्या निळसर उजेडात ती कळपामागे हिंडायची, रेडिओवरून ओउलाला सगळी खबर द्यायची. त्याचे प्रश्न संपायचे नाहीत. करड्या मानेची पुढे चालते का? तुटक्या शिंगाचा अजून मारामाऱ्या करतो का? ती मुद्दाम म्हणायची, "तुझी आठवण काढून रडत होते सगळे." मग पलीकडून खरखरीत हसू यायचं.

मग पाऊस पडला. हाडं गोठायच्या दिवसांत दक्षिणेकडून ऊबदार वारा सुटला आणि जाड बर्फावर दोन दिवस पाऊस कोसळला. तिसऱ्या दिवशी थंडी परतली आणि भिजलेला सगळा बर्फ एकसंध गोठला. रेनडिअर खुरांनी भुसभुशीत बर्फ उकरतात आणि खालचं दगडफूल खातात. त्यावरच त्यांचा हिवाळा जातो. आता खुराखाली काच होती. जनावरं उकरत होती, घसरत होती, पुन्हा उकरत होती. संध्याकाळपर्यंत त्या काचेवर लाल ठिपके दिसू लागले.

बिरेतने लेउकु काढला, गुडघ्यावर बसली आणि बर्फ फोडू लागली. पातं उत्तम चाललं. तुकडे उडत राहिले. घामाने निथळेपर्यंत तिने एक खड्डा खणला, पसरलेल्या कातड्याएवढा. खाली पांढुरकं दगडफूलही लागलं, तेसुद्धा बर्फाच्या गोळ्यात चिणलेलं. चार माद्या धावत आल्या, एकमेकींना ढुशा देत. बाकीचा कळप मागे उभा राहून बिरेतकडे बघत होता.

"पिएराला चारा घेऊन पाठव," तिने रेडिओवर सांगितलं.

"निघालाय," ओउला म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी, "परत आला. तळ्यावर बर्फाखाली पाणी साचलंय. भरलेली गाडी रुतते. अर्ध्यावर पोती टाकून, कसाबसा जीव घेऊन आला."

"जंगलाच्या बाजूने?"

"त्या वाटेने फारसं ओझं येत नाही, तुला ठाऊक आहे." मग तो म्हणाला, "झाडांच्या दाढ्या काढ, बिरेत. आजोबा काढायचे."

जुन्या, सूचिपर्णी स्प्रूसच्या झाडांवर काळपट दाढ्या लोंबतात. तेही एक दगडफूलच, जमिनीऐवजी फांद्यांवर वाढणारं. बिरेत झाडांवर चढू लागली. एका हाताने खोड कवटाळायचं, दुसऱ्याने वरच्या फांद्या छाटायच्या. पहिली फांदी पडली आणि कळप झाडाखाली जमला. मग त्यांना आवाजच कळू लागला. लाकडावर पातं पडलं रे पडलं की कुठून कुठून जनावरं यायची, माना वर करून थांबायची. घाव घालता घालता ती खाली बघायची नाही. एका झाडाची दाढी म्हणजे दोघातिघांच्या तोंडाला नुसती चव. ताउनोने सांगितलं तसं पातं बोथट व्हायचं, दगडावर परत धार घ्यायचं. बोथट होऊन परत धार घ्यायची सोय बिरेतच्या खांद्यांना नव्हती. रात्री चमचा उचलायला बोटं उघडायची नाहीत.

दाढ्यांची झाडं संपत आली. सकाळी एखादं जनावर उठायचं नाही. आधी वर्षाची पिल्लं, मग म्हातारे नर. मग गाभण माद्या.

अशातच एका दुपारी जंगलाच्या वाटेने घरघर ऐकू आली. पिएराची बर्फगाडी. मागे हलकीशी घसरगाडी आणि तिच्यात कातड्यांत गुंडाळलेला ओउला.

बिरेत झाडावरून उतरली. "हे काय आणलंस?"

"ऐकतो का तो, वहिनी?" पिएरा म्हणाला. "गाडीसमोर आडवा पडला होता."

"याच्या जागी चाऱ्याची दोन पोती आली असती!"

पिएराने मान खाली घातली. ओउलाने ऐकलं, पण त्याची नजर कळपावर होती. रेडिओवर ऐकणं वेगळं. बरगड्या मोजता येत होत्या, आणि तो एकेकीकडे बघत ओठ हलवत होता. घसरगाडीतून तो आपला आपण उतरला, पाय ओढत त्यांच्यात गेला. एकही जनावर बिचकून बाजूला झालं नाही, तेवढी ताकदच उरली नव्हती. तेच त्याला सहन झालं नसावं.

करड्या मानेची एका झाडाच्या बुंध्याशी पडली होती. कळपाच्या पुढे चालणारी ती. तिची आई, आजी, सगळ्या ओउलाच्या घरातल्या. पोटात पाडस होतं. वरच्या फांदीवर दोन डोमकावळे येऊन बसले होते आणि ती अजून डोळे हलवत होती.

"सुरी दे," ओउला म्हणाला.

"डाव्या हाताने?"

"दे म्हणतो ना. आजवर हे मीच केलंय."

तिने आईची छोटी सुरी त्याच्या डाव्या हातात दिली, जनावराचं डोकं मांडीवर घेऊन घट्ट धरलं. ओउला कष्टाने गुडघ्यावर बसला. पहिल्या वेळी सुरी हाडावरून घसरली. करड्या मानेचीने घशातून एक आवाज काढला, तिचे पाय थरथरले. दुसऱ्या वेळी सुरी वाकडी गेली. रक्त आलं, पण मरण आलं नाही.

"ओउला!"

त्याने पुन्हा हात उचलला. मग तो थांबला. "बिरेत," एवढंच म्हणाला.

तिने त्याच्या बोटांतून सुरी घेतली.

"कानांच्या मागे," तो म्हणाला. "कवटी संपते तिथे खळगा आहे. बोटाने शोध. तिथेच. आता सरळ दाब, एकदम. दया नको करूस, दया केलीस की तिला जास्त दुखेल."

बिरेतने दाबलं. मांडीवरचं डोकं एकाएकी जड झालं.

पिएरा पाठ करून उभा होता. ओउला तसाच बर्फावर बसून राहिला, चांगला हात मेलेल्या हातावर ठेवून. "तुला आधीच शिकवायला हवं होतं मी," तो म्हणाला.

"गाडीत बस. गारठशील."

"पोटातलं..."

"बस म्हणते ना."

त्या दुपारी आणखी काहींना तिनेच सोडवलं. ओउला गाडीतून बोटाने दाखवायचा, ही उठेल, ही नाही, आणि ती जायची. उजेड गेला तेव्हा ती दोघं पिएराबरोबर परत निघाली नाहीत, खोपटातच राहिली. कुणी जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी पिएरा येऊन ओउलाला घरी घेऊन गेला.

फेब्रुवारीत सूर्य वर आला आणि त्याच्याबरोबर खरी कडक थंडी. तळ्यावर साचलेलं पाणीही पक्कं गोठलं आणि गाडीची वाट खुली झाली. पिएराने वाळलं गवत आणि पेंडीची पोती आणली, एकदा, दोनदा, दिवसभर. बिरेत पोती फोडत सुटली. लेउकु घालायचा, टर्रकन फाडायचं, ओतायचं. जनावरं तुटून पडली. कितीतरी दिवसांनी तिला हसू आलं. तिने ओउलाला रेडिओवरून तो चावण्याचा आवाजसुद्धा ऐकवला.

ओउला हसला नाही. "थोडं थोडं दे," तो म्हणाला. "फार दिवसांची उपाशी आहेत."

"आधी सांगायचंस!"

"आत्ता आलाय ना चारा."

सकाळी काही जनावरं गवताच्या शेजारीच मरून पडली होती, पोटं टम्म फुगलेली. इतक्या उपासानंतर आतड्यांना ते पेलवलंच नव्हतं. बिरेत त्यांच्यामध्ये उभी राहिली. जिवंत होती त्यांना चारायचं तर तीही अशीच मरणार, आणि नाही चारायचं तरी मरणारच होती. मुठीमुठीने किती द्यावं, कुणाला द्यावं, कुणाला हाकलावं, हे तिला सांगणारं कुणी नव्हतं. ओउलालाही नक्की ठाऊक नव्हतं. ती अंदाजाने देत राहिली. कधी अंदाज बरोबर आला, कधी चुकला. कशाने कोण वाचलं आणि कशाने कोण गेलं, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

मे महिन्यात बर्फ वितळला. अर्ध्याहून कमी कळप उरला होता, आणि व्यालेल्या माद्या बोटांवर मोजण्याइतक्या. बिरेत एकटीच तळ्यापलीकडे गेली, पाडसं बघायला. उतारावरची जमीन उघडी पडली होती आणि नजर जाईल तिथवर दगडफूल पसरलं होतं, दाट, पांढरं, पावलाखाली कुरकुरणारं. सगळा हिवाळा ते तिथेच होतं, गोठलेल्या बर्फाखाली. ती खाली बसली.

घरी आली तेव्हा ओउला पायरीवर वाट बघत होता.

"पाडसं?"

"आहेत थोडी. धडधाकट आहेत."

"आणि वरचा उतार? चरायला काय आहे?"

बिरेत बूट काढत होती.

"भरपूर आहे," ती म्हणाली.

ओउलाने मान हलवली आणि तोंड तळ्याकडे फिरवलं.