गरम बाजू

दवाखान्याच्या चादरी धुणाऱ्या त्या लाँड्रीत इस्त्रीचं एक लांबलचक यंत्र होतं. एका बाजूने ओलसर चादर आत सारायची, दुसऱ्या बाजूने ती वाफाळत बाहेर आली की झेलून घडी घालायची. सारणारीला नुसता घाम यायचा, झेलणारीचा जीव मात्र उकडून निघायचा. थोरली बहीण अकरा वर्षं झेलत होती आणि समोर सारायला धाकटी. आई मधुमेहाने गेली तेव्हा धाकटी सात वर्षांची होती. तेव्हापासून जे जड, जे तापलेलं, ते आपल्या वाट्याला घ्यायचं, हा थोरलीचा शिरस्ता.

गरम बाजूच्या बायकांसाठी खिडकीपाशी सरबताचं पिंप असे. अंगात तरतरी राहावी म्हणून मुकादम त्यात सढळ हाताने साखर घाली. झेलणारीने तासाला दोन पेले प्यायचे, असा रिवाजच पडला होता. थोरली अलीकडे चार प्यायची, तरी घशाला कोरड. पण भट्टीसारख्या जागी तहानेचं कुणाला काय नवल?

मग एक सुट्टीचा दिवस आला. बाहेर एवढा गारठा, की दोघी गुडघ्यांवर पांघरूण घेऊन मटार सोलत बसल्या होत्या. थोरलीने पाण्याचा जग तोंडाला लावला आणि धाकटीचे हात थांबले.

"ताई, हा तिसरा."

"मोजतेस काय? विहीर नाही आटवत मी."

"आज यंत्र बंद आहे. मग तहान कसली?"

थोरलीने जग खाली ठेवला. भट्टीचं नेहमीचं कारण आज चालणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघी दवाखान्यात गेल्या, काम, सरबत, आईचा आजार सगळं सांगितलं आणि थोरलीचं रक्त तपासून घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मधुमेहाची सुरुवात आहे. बरं झालं, वेळेत आलात."

"त्या वाफेमुळे झालं का हो?" धाकटीने विचारलं.

"एकट्या वाफेवर खापर नाही फोडता येणार. आईलाही होता ना? पण तापलेल्या जागी शरीर दिवसभर स्वतःला गार ठेवायलाच झटत असतं. थकवा येतो, झोप नीट होत नाही. त्यात तुमचं ते सरबत! आजपासून साधं पाणी. गोळ्या चुकवू नका आणि तिथे सलग उभ्या राहू नका." मग त्या धाकटीकडे वळल्या. "आई आणि बहीण, दोघींना आहे. तुम्हीही जपा."

हे शेवटचं वाक्य थोरलीच्या काळजात रुतलं. घरी जाताना ती म्हणाली, "गरम बाजूवरून मी हलणार नाही. मी हलले की तिथे तू येणार. मला व्हायचं ते झालं, तुला नको."

"म्हणजे तू उकडायचं आणि मी बघत बसायचं?"

"मोठी आहे मी."

"अगं, माझे गुडघे वाजायला लागले, आणि तू अजून मला सात वर्षांचीच समजतेस!"

सकाळी थोरली पोहोचली तर धाकटी आधीच गरम बाजूला उभी. थोरली तिला दंडाला धरून ओढू लागली. मुकादम धावत आला. "काय चाललंय? चादरी वाळवताय की भांडताय?"

"आम्ही दर अर्ध्या तासाला बाजू बदलणार," धाकटी म्हणाली. "आणि पिंपात साधं पाणी हवं."

"काम रखडेल."

"रखडलं तर बोला. दुपारपर्यंत बघा तर खरं."

मुकादमाने डोकं खाजवलं आणि पिंप रिकामं करायला घेतलं.

थोरली सारायच्या बाजूला आली खरी, पण तिच्या हातांना झेलणंच ठाऊक. पहिली चादर तिरकी गेली, दुसरी चुरगळली. धाकटी वळसा घालून आली आणि मागून तिची मनगटं धरली. "आधी कोपरे ताण. आता काठ टेकव. ढकलू नकोस, यंत्र स्वतःच ओढून घेतं. बघ!"

चादर सरळ गेली. धाकटी आपल्या जागी परतली. वाफेत तिचा चेहरा लालबुंद होऊ लागला, तसा थोरलीचा जीव खालीवर होऊ लागला. तिने घड्याळाकडे पाहिलं आणि ती यंत्राला वळसा घालायला निघाली.

"ताई, अजून सात मिनिटं आहेत," धाकटी पलीकडून म्हणाली. "जागेवर उभी राहा बघू."

थोरलीने आयुष्यात धाकटीचं असं कधी ऐकलं नव्हतं. ती क्षणभर घुटमळली. मग मागे फिरली, पुढची चादर उचलली आणि तिचे कोपरे नीट ताणले.