ओळंब्याचा ठोकळा

मी एक जुना ओळंबा आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी कित्येकांनी मला पाहिलंही नसेल, म्हणून आधी ओळख करून देतो. दोरीच्या टोकाला टांगलेलं पितळेचं वजन म्हणजे मी. त्याच दोरीत वर एक लाकडी ठोकळा ओवलेला असतो, रुंदीला अगदी माझ्या पोटाएवढा. गवंडी ठोकळा भिंतीला टेकवतो आणि मला खाली सोडतो. मी भिंतीला जेमतेम शिवलो, तर भिंत सरळ. माझ्या पोटाला हसू नका, सगळं काम त्या पोटावरच चालतं.

एका ओताऱ्याने मला ओतलं, कानशीने घासलं आणि एका गवंड्याच्या हवाली केलं. तो गवंडी आणि त्याचा धाकटा भाऊ एकत्र काम करायचे. थोरला विटा लावायचा, धाकटा माल कालवायचा. वाळू-सिमेंटमध्ये पाणी किती घालायचं, ते धाकट्याला बोटांनीच कळायचं. थोरला भेटेल त्याला सांगायचा, "माणूस खोटं बोलेल, माझा ओळंबा बोलणार नाही." मी आपला फुगून जायचो. कौतुक कोणाला नको असतं?

एकदा एका गोदामाच्या बांधकामावर परांचीवरून पडून माझा ठोकळा दुभंगला. थोरल्याने पडलेल्या फळीतून घाईघाईत नवा कापला. नवा ठोकळा आधी ओळंब्याशेजारी ठेवून बघायचा, ही त्या धंद्यातली साधी रीत. त्याने ती पाळली नाही. ठोकळा थोडा अरुंद होता. त्यावर विसंबून तो खालच्या थरांवरून वरचे थर जुळवत गेला, आणि गोदामाची उंच भिंत दर वेळी थोडी थोडी बाहेर झुकत गेली. मला ते कळत होतं, पण मला तोंड कुठे आहे?

भिंत पडली तेव्हा धाकटा तिच्याखाली विटांमधल्या दरजा भरत होता. त्याचा उजवा पाय कायमचा गेला. त्याला उचलून नेल्यावर थोरल्याने पडलेली एक वीट हातात घेतली, तिला चिकटलेला माल नखाने खरवडून पाहिला आणि वीट खाली ठेवली. लोक विचारायला आले तेव्हा तो म्हणाला, "माल पातळ झाला होता." खापर धाकट्यावर फुटलं. धाकट्याने ते खरं मानलं, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

त्यानंतर मी पिशवीत पडून राहिलो. वीट हातात घेतली की थोरला ती तशीच खाली ठेवायचा. त्याने बांधकाम सोडलं, घरात बोलणं सोडलं. 'नाचता येईना अंगण वाकडं' ही म्हण एके काळी तो येता-जाता इतरांना ऐकवायचा. आता त्याचं अंगण वाकडंच राहिलं होतं. वर्षं गेली, मला हिरवा गंज चढला.

मग त्याच्या घराच्या दाराची चौकट वाळवीने खाल्ली. नवी बसवायला त्याने नाइलाजाने मला बाहेर काढलं.

"अहो, दार आपलं आपण उघडतंय," चौकट बसल्यावर बायको म्हणाली. "ओळंब्यात आहे म्हणालात ना?"

त्याने पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा सरळच दिसलं. दार पुन्हा उघडलं. मग त्याने मला जमिनीवर ठेवलं, ठोकळा माझ्या शेजारी ठेवला आणि दोघांवरून अंगठा फिरवला. अंगठा मध्येच अडला. तो तिथेच उंबऱ्यावर बसला.

"काय झालं?"

"ठोकळा मी कापला होता," तो म्हणाला.

तिने तो ठोकळा उचलून पाहिला. मग म्हणाली, "भावजींना सांगून या."

धाकटा एका दुकानाच्या पडवीत वेताच्या खुर्च्या विणत बसतो. थोरला मला घेऊन त्याच्यासमोर पायरीवर बसला.

"तुझा माल चांगला होता. ठोकळा माझा चुकला."

धाकट्याने वेत ओढून घट्ट केला. "कधीपासून माहीत आहे, दादा?"

"ठोकळ्याचं आज कळलं." तो थांबला. "मालाचं त्याच दिवशी."

"आई जाईपर्यंत मला विचारत होती, त्यात पाणी किती घातलंस रे."

थोरल्याने मला बाजूला पायरीवर ठेवलं.

"जा तू," धाकटा म्हणाला. थोरला गेला, आणि मी पायरीवरच राहिलो. विसरला की ठेवून गेला, मला सांगता येणार नाही. दुकानवाल्याने मला उचलून खिळ्याला टांगलं.

थोरला अजून येतो. पायरीवर बसतो. धाकटा मान वर करत नाही, आणि कधी करेल असं मला वाटत नाही. थोरल्याच्या नखांत मात्र आता पुन्हा सिमेंट दिसतं. बरं झालं ते एवढंच.

मित्रांनो, मला घासूनपुसून पुन्हा कामाला लावा, असं मी म्हणत नाही. तुमच्या चुकीचा दोष दुसरं कोणी निमूटपणे वाहत असेल, तर त्याच्याकडे आजच जा. माफीच्या आशेने जाऊ नका, ती मिळेलच असं नाही. त्याचं ओझं उतरवायला जा.

थोरला वळणापलीकडे दिसेनासा झाला, की धाकटा कधी कधी हातातला वेत थांबवतो. दुकानात तेव्हा कोणी नसतं. तो हळू आवाजात म्हणतो, "पाणी बरोबर होतं, आई."