लाल रेघेबाहेर

दादारावांनी माउस धरला आणि संगणकाच्या पडद्यावरचं लाल वर्तुळ बोटभर उत्तरेला ओढलं. दक्षिण दिल्लीतलं मुनिरका बाहेर गेलं.

दिल्लीवर एक अणुबॉम्ब पडला तर इस्पितळांत किती खाटा लागतील, याचा आराखडा त्यांच्या सरकारी कार्यालयाला करायचा होता. सीमेवर तणाव वाढल्यापासून वरून घाई चालली होती. बॉम्ब नेमका कुठे पडेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून संहाराच्या वर्तुळाचा मधला बिंदू मनानेच धरलेला. तीन दिवस दादाराव मेलेल्यांचे आकडे टाइप करत होते. नऊ लाख चाळीस हजार. स्वल्पविराम योग्य जागी पडला की ते चहाला जात. वाईट वाटायला हवं हे त्यांना कळत होतं; वाटत मात्र काहीच नव्हतं.

आज सकाळी मुलीचा फोन आला. उन्नती मुनिरक्यात खोली घेऊन शिकत होती. मैत्रिणी आपापल्या गावी निघून गेल्या होत्या. मोठा भाऊ समाधानदादा दिल्लीबाहेरच्या मानेसरहून न्यायला येतो म्हणतोय, जाऊ का, असं तिने विचारलं. तिचा आवाज ऐकून त्यांनी चहा अर्धाच ठेवला. ऑफिसात बघून सांगतो, एवढंच ते म्हणाले. आणि नकाशा उघडला तर मुनिरका रेघेच्या आत.

आता ते बाहेर होतं. उत्तरेची दाट वस्ती आत आल्यामुळे आकडा साठ हजारांनी वाढला होता. दादारावांना हायसं वाटलं.

विक्रांत सरांनी कागद चाळला.

"सेंटर क्यों बदला?"

"सर, अंदाजा ही तो है."

सरांना ते पटलं. खोटंही नव्हतं ते. दहा लाख हा गोल आकडा आहे, लक्षात राहील, असं म्हणून त्यांनी सही केली. खाली शिक्का बसला. वर्तुळ कुणी ओढलं होतं हे दादाराव काही विसरले नव्हते. पण कागद आता सरकारी झाला होता.

त्यांनी मुलीला फोन लावला.

"पप्पा, बॅग भरलीय मी. निघू?"

"गरज नाही, बेटा. मी नकाशा बघितला. मुनिरका बाहेर आहे."

"पक्का?"

"साहेबांची सही आहे त्यावर."

ती हसली, बऱ्याच दिवसांनी. समाधान तोवर मुनिरक्याच्या अगदी जवळ, धौला कुआँपर्यंत पोचला होता. दादारावांनी त्याला तिथूनच माघारी पाठवलं.